माळ्यावरून एका जुडीत बांधून नेलेल्या वायरी: किती सर्किटे एकत्र चालतात?

प्रश्न : जांभाघर (दापोली)

नमस्कार. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे जांभ्याच्या भिंतींचे जुने कौलारू घर आहे. तीन वर्षांपूर्वी मागच्या पडवीला लागून असलेल्या चार खोल्या आम्ही पर्यटकांसाठी तयार केल्या आणि प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी व दोन किलोवॅटचा गिझर बसवला. त्यासाठी तीन फेजची जोडणी घेतली. डीबी (सर्किटे जिथून निघतात ती वितरण पेटी) ओटीवर आहे. तेथून प्रत्येक खोलीसाठी २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचे एक सर्किट निघते आणि त्यावर २० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास आपोआप पडणारा स्विच) आहे. एसी आणि गिझर दोन्ही त्याच सर्किटवर आहेत. चारही सर्किटे ओटीवरून २५ मिमीच्या एकाच पाईपातून माळ्यावर चढतात, आणि माळ्यावर सुमारे नऊ मीटर अंतर त्यांची एकच जुडी करून, वीत-वीत अंतरावर प्लास्टिकच्या टायने आवळून, ती वाशाच्या कडेने नेलेली आहे.

यंदा गणपतीत चारही खोल्या पाच दिवस भरलेल्या होत्या. तिसऱ्या रात्री जेवणे आटोपल्यावर माळ्याकडून रबर तापल्यासारखा वास येऊ लागला. विजेरी घेऊन वर गेलो. उघड्यावरची जुडी चांगली कोमट होती, पण तिच्यावर हात ठेवता येत होता. पुढे जिथे जादा गाद्यांची चळत जुडीवर रचून ठेवली होती, तिथे गाद्या उचलून बोट लावले तर क्षणभरही टिकवता आले नाही. टाय वायरीच्या आवरणात रुतला होता, लाल आणि काळी वायर एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मेन स्विच बंद करून त्या सोडवायला गेलो तेव्हा लालचे आवरण पापुद्र्यासारखे काळीबरोबर निघून आले. एमसीबी मात्र एकदाही पडला नव्हता.

आमचे वायरमन गेली अनेक वर्षे आमचे काम पाहतात आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचे म्हणणे असे की वायर एफआर (ज्योत पसरू न देणारी) आहे, नामांकित कंपनीची आहे, २४ अँपिअर सहज वाहते आणि एमसीबी पडला नाही म्हणजे भार मर्यादेतच होता; तेव्हा गाद्या काढल्या की पुरे. सध्या मी दोन खोल्या बंद ठेवल्या आहेत. किती सर्किटे एकत्र बांधावीत याबद्दल काही नियम आहे का? आणि सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त वीज अभियंता (रत्नागिरी)

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. चारही सर्किटे आजच बंद करा. दोन खोल्या चालू ठेवल्याने धोका निम्मा होत नाही, कारण चिकटलेल्या जुडीत कोणत्या वायरीवर किती आवरण शिल्लक आहे हे बाहेरून कळत नाही. त्यावर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. माळा लाकडाचा आहे आणि वर गाद्या आहेत, एवढे लक्षात ठेवा.

आता नियमाविषयी. इमारतींच्या वायरिंगसाठी आपल्याकडे आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे, जे २०१९ मध्ये सुधारले गेले, आणि त्याच्या जोडीला राष्ट्रीय विद्युत संहिता आहे, जिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. एकापेक्षा जास्त सर्किटे एकत्र नेण्यास मनाई नाही. मात्र ती एकत्र नेली की प्रत्येक वायरीची प्रवाह वाहण्याची क्षमता ठरावीक गुणकाने कमी धरावी लागते आणि एमसीबी त्या कमी झालेल्या क्षमतेला साजेसा निवडावा लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत वायरीची जाडी आणि एमसीबीचा आकडा एवढ्यावरच काम होते आणि हा मधला गुणक कोणी विचारात घेत नाही, याचे मला नोकरीत असल्यापासून वाईट वाटत आले आहे.

वायरीतून प्रवाह वाहिला की ती तापते आणि ती उष्णता तिच्या पृष्ठभागातून बाहेर पडते. साध्या पीव्हीसी आवरणाला दीर्घकाळ सोसणारे तापमान ७० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे वायरीची क्षमता म्हणजे तांब्याचे तापमान ७० अंशांवर जाऊन स्थिरावेल इतका प्रवाह. आपल्या वायरमननी सांगितलेला २४ अँपिअर हा आकडा चुकीचा नाही. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीसाठी तोच दिलेला आहे. पण तो आकडा पाईपात एकच सर्किट आहे आणि भोवतालचे तापमान ३० अंश आहे, असे गृहीत धरून काढलेला आहे. आपल्या माळ्यावर यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही.

एकत्र बांधलेल्या सर्किटांचे गुणक असे आहेत: दोन सर्किटांना ०.८०, तिनांना ०.७०, चारांना ०.६५, सहांना ०.५७ आणि नवांना ०.५०. पाईपात कोंबा किंवा उघड्यावर जुडी बांधा, हेच गुणक लागू होतात. भोवताली ४० अंश असतील तर पीव्हीसीसाठी आणखी ०.८७ ने गुणावे लागते. आपल्या बाबतीत २४ गुणिले ०.६५ गुणिले ०.८७ म्हणजे साडेतेरा अँपिअर. दुसरीकडे एसीचे सुमारे आठ आणि गिझरचे जवळपास नऊ अँपिअर मिळून प्रत्येक सर्किटमधून सतरा अँपिअर जात होते. समुद्रावरून परतलेली मंडळी एकाच वेळी आंघोळी उरकून एसी लावून बसतात, तेव्हा चारही सर्किटे एकदम पूर्ण भाराने चालतात. साडेतेरा अँपिअरला जी वायर ७० अंशांवर स्थिरावेल, तीच सतरा अँपिअर सतत वाहिल्यास ढोबळमानाने ८५ ते ९० अंशांपर्यंत जाते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हे दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहा. २.५ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला साडेसात ते आठ ओहम असतो. सतरा अँपिअरला फेज आणि न्यूट्रल मिळून एका मीटरमध्ये सुमारे पाच वॅट उष्णता निर्माण होते. चार सर्किटांची मिळून वीस वॅट आणि नऊ मीटरच्या जुडीत १८० वॅट. जुन्या पद्धतीचे साठ वॅटचे तीन दिवे त्या अंगठ्याएवढ्या जुडीत जळत आहेत, असे समजा.

एमसीबी का पडला नाही, याचेही उत्तर यातच आहे. एमसीबी फक्त स्वतःमधून जाणारा प्रवाह पाहतो. माळ्यावर वायर किती तापली, तिच्या शेजारी किती वायरी आहेत, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. २० अँपिअरचा एमसीबी त्याच्या मानकानुसार १.१३ पट, म्हणजे २२.६ अँपिअर, तासभर वाहूनही पडता कामा नये आणि १.४५ पट, म्हणजे २९ अँपिअर झाल्यावर तासाभरात पडला पाहिजे. सतरा अँपिअर तो आयुष्यभर वाहील. साडेतेरा अँपिअर क्षमतेच्या वायरीवर २० चा एमसीबी बसवला की त्या वायरीला जादा भारापासून संरक्षण उरत नाही.

आणि गाद्या. त्यांचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण वायर तिथेच वितळली. उष्णतारोधक पदार्थाने वायर अर्धा मीटर लांबीत पूर्णपणे वेढली गेली, तर तिची क्षमता निम्मी धरावी असे आयईसीचे मानक सांगते. कापसाच्या गाद्या, भाताचा पेंढा, नारळाची सोडणे, झावळ्या, म्हणजे आपल्या माळ्यांवर जे जे असते ते सगळे उष्णता अडवणारे आहे. गाद्या काढणे आवश्यक आहेच. पण गाद्यांशिवायही जुडीची क्षमता साडेतेराच राहते, त्यामुळे ‘गाद्या काढल्या की पुरे’ हे मला मान्य नाही.

जांभाघर (दापोली)

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. चारही सर्किटे बंद केली आहेत आणि आलेल्या पाहुण्यांची सोय शेजारी केली आहे. दोन शंका उरल्या. एफआर किंवा एचआर (जास्त उष्णता सोसणारी) वायर घेतली तर हा गुणक लावावा लागत नाही का? आणि सर्किटे मोजताना दिव्यांची सर्किटे, अर्थिंगची वायर, विहिरीच्या पंपाची वायर हे सगळे मोजायचे का?

उत्तर : निवृत्त वीज अभियंता (रत्नागिरी)

एफआर म्हणजे आग लागल्यास ज्योत वायरीवरून पुढे पसरू न देणारे आवरण. त्याने वायरीची प्रवाह वाहण्याची क्षमता एका अँपिअरनेही वाढत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. एचआर आवरण ८५ अंश सोसते हे खरे, पण त्या वायरीचे टोक ज्या सॉकेटमध्ये आणि एमसीबीत जाते ते ८५ अंशांसाठी बनवलेले असतीलच असे नाही. म्हणून मी एचआर वायर वापरतो, पण हिशोब ७० अंशांचाच करतो. गुणक तर दोन्हींनाही लावावाच लागतो.

मोजणीत अर्थची वायर धरायची नाही, कारण एरवी तिच्यातून प्रवाह जात नाही. सिंगल फेज सर्किटमधील न्यूट्रल मात्र फेजइतकाच तापतो. जे सर्किट जुडीतील आपल्या घटवलेल्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहून जास्त प्रवाह कधीच घेत नाही, ते बाकीच्यांच्या मोजणीतून वगळता येते. दोन पंखे आणि चार एलईडी दिवे मिळून एक अँपिअरही होत नाही, त्यामुळे दिव्यांचे सर्किट उष्णतेच्या दृष्टीने नगण्य आहे. तरीही दिव्यांची आणि पॉवरची वायरिंग वेगळ्या पाईपांतून न्यावी असा सरकारी कामांतला दंडक आहे आणि तो घरातही पाळावा. पंप तासन्तास चालतो, तो अवश्य मोजा.

उत्तर : तारतंत्री (मालवण)

साहेबांनी हिशोब सांगितला आहे, मी कामाच्या बाजूने लिहितो. वीस वर्षे मालवण आणि वेंगुर्ले भागात घरे आणि निवास यांची वायरिंग करतो आहे आणि वर्णन केलेली जुडी मी बऱ्याच माळ्यांवर पाहिली आहे.

उष्णतेच्या गुणकाखेरीज पाईपात किती वायरी ओढाव्यात याचीही मर्यादा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तक्त्यानुसार २५ मिमीच्या पाईपात २.५ चौरस मिमीच्या वायरी सरळ लांबीत आठ आणि बेंड असतील तर सहा चालतात. २० मिमीच्या पाईपात सरळ पाच आणि बेंड असल्यास तीनच. आपल्या पाईपात चार फेज, चार न्यूट्रल आणि वर अर्थ, म्हणजे नऊ तरी वायरी आहेत, आणि ओटीवरून माळ्यावर चढताना बेंड नाही असे होणे शक्य नाही. एवढ्या वायरी जोर लावून ओढल्या की बेंडच्या आतल्या बाजूला आवरण खरवडले जाते आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. जुन्या वायरी काढाल तेव्हा बेंडजवळचा भाग बोटांनी चाचपून पाहा. शिवाय चार खोल्या तीन फेजवर वाटलेल्या असतील तर वेगवेगळ्या फेजच्या वायरी त्या एकाच पाईपात शेजारी शेजारी आहेत. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा फरक असतो आणि त्यांचे आवरण एकत्र वितळले तर काय होईल हे सांगायला नको.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक खोलीला स्वतंत्र २५ मिमीचा पाईप द्या आणि त्यात दोन सर्किटे न्या, एक एसीचे आणि एक गिझरचे, दोन्ही २.५ चौरस मिमीची आणि दोन्हींना १६ अँपिअरचा एमसीबी. पाईपात दोनच सर्किटे असल्याने २४ गुणिले ०.८० गुणिले ०.८७ म्हणजे सोळा अँपिअरच्या थोडे वर क्षमता मिळते आणि एमसीबी तिच्या आत राहतो. दोन फेज, दोन न्यूट्रल आणि एक सामाईक अर्थ अशा पाचच वायरी होतात, बेंड असूनही त्या सहाच्या मर्यादेत बसतात आणि हाताने सहज ओढल्या जातात. पाईप एकमेकांना चिकटवू नका. त्यांच्यामध्ये पाईपच्या दुप्पट जाडीएवढी मोकळी जागा ठेवली की एकाची उष्णता दुसऱ्याला बाधत नाही. एका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल मात्र कधीही वेगळ्या पाईपांत घालू नका.

माळ्याचा मार्ग शक्य तर सोडाच. जांभ्याच्या भिंतीला वरच्या अंगाने, माळ्याच्या तक्तपोशीखालून, पाईप उघड्यावर क्लॅम्पने नेता येतात. दिसायला थोडे खटकते, पण हवा लागते, उंदीर वायरी कुरतडत नाहीत आणि उद्या काही झाले तर ते नजरेसमोर असते. जांभ्यात झिरी मारून पाईप पुरायचा असेल तर पावसाळ्यात भिंत ओल धरते हे ध्यानात ठेवून सांधे सोल्युशन लावून बसवा, जंक्शन बॉक्स उघडता येईल अशा जागी ठेवा आणि पाईपाच्या आत वायरीला जोड देऊ नका.

टायविषयीही सांगतो. टाय फक्त वायर जागेवर राहण्यासाठी असतो. वायर तापली की पीव्हीसी मऊ होते आणि घट्ट आवळलेला टाय त्यात रुततो, जसा आपल्याकडे रुतला. जिथे टाय लावायचाच आहे तिथे वायर हाताने मागेपुढे सरकेल इतका सैल ठेवावा. उरलेली वायर गिझरमागे किंवा एसीच्या सॉकेटजवळ वेटोळे करून दडपण्याची सवयही सोडायला हवी, कारण दहा वेटोळी म्हणजे दहा वायरींची जुडीच झाली. भार देताना एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण सोडावी लागते, तीही याच कारणाने.

प्रश्न : दिवेआगर

याच धाग्यात विचारतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात आमची कौले उडाली आणि नंतर आम्ही पत्रे घातले. पाईप पत्र्याखालून गेले आहेत. वर दिलेला दोन सर्किटांचा हिशोब आमच्याकडे चालेल का?

उत्तर : तारतंत्री (मालवण)

चालणार नाही. पत्र्याखाली ४५ अंश सहज असतात आणि तेव्हा गुणक ०.७९ होतो. मग २.५ ची क्षमता सव्वापंधरा अँपिअरवर येते, म्हणजे १६ च्या एमसीबीच्या खाली. ४ चौरस मिमीची वायर घ्या. तिची मूळ क्षमता ३२ अँपिअर असल्याने दोन्ही गुणक लावूनही वीस अँपिअर उरतात, आणि २५ मिमीच्या पाईपात बेंड असताना ४ च्या पाच वायरी चालतात. पाईप पत्र्याला टेकवू नका, वीतभर खाली घ्या.

उत्तर : निवृत्त वीज अभियंता (रत्नागिरी)

तारतंत्रींनी सांगितलेल्या रचनेशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक भर घालतो. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि वीज सुरू करण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटची चाचणी आपल्यासमोर करायला लावा. इन्सुलेशन रोध किमान एक मेगोहम हवा, पण नव्या वायरिंगमध्ये तो त्याच्या कित्येक पट यायला पाहिजे. तो एक-दोन मेगोहमवर घुटमळत असेल तर कुठेतरी वायर खरवडली आहे किंवा बॉक्समध्ये ओल आहे, असे समजून शोध घ्या. गिझरच्या सर्किटांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवी. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या न्यूट्रलशी कुठेही एकत्र होऊ देऊ नका, नाहीतर ती उगाच पडत राहते आणि कंटाळून कोणीतरी ती काढून टाकतो.

जांभाघर (दापोली)

काम पूर्ण झाल्यावर लिहितो असे ठरवले होते. आमच्या वायरमनना हा सगळा धागा वाचायला दिला. त्यांनी एक संध्याकाळ बसून गुणकांचा हिशोब स्वतः करून पाहिला आणि परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली तेच हे काम करण्यास तयार झाले, याचे मला समाधान आहे.

आता तक्तपोशीखालून चार पाईप, मध्ये पाच-पाच सेंटिमीटर जागा सोडून, भिंतीवरून गेले आहेत. एसी आणि गिझरची सर्किटे वेगळी झाली आहेत. जुन्या वायरी पाईपातून ओढून काढल्या तेव्हा बेंडपाशी दोन वायरींवर बोटभर लांबीचा ओरखडा होता आणि एका ठिकाणी तांबे दिसत होते. गाद्यांखालचा तुकडा वाकवला तर आवरण कडक होऊन टायच्या खुणेवर तडकते. नव्या सर्किटांचे मेगरचे वाचन सर्व ठिकाणी २०० मेगोहमच्या वर आले. काल रात्री चारही खोल्यांचे एसी आणि गिझर मुद्दाम एकदम चालू करून दीड तासाने प्रत्येक पाईपाला हात लावून पाहिला. तळहात निवांत ठेवता येत होता. आता जुलैच्या पावसात, भिंती ओलावल्यावर, मेगर पुन्हा एकदा लावून घेणार आहे आणि तेव्हाचे आकडे येथेच लिहीन.